जुन्या शिडाच्या बोटीचा रास्त भाव: नागपुरात बसून हिशेब कसा मांडायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ नागपूरचे, कॉलेजात असताना एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शीड हाकायला शिकलेले. हैदराबादला एक एंटरप्राइज (दोन माणसांची हलकी शिडाची बोट) विकायला आहे: फायबरची, साधारण पंधरा वर्षं जुनी, नुकताच रंग मारलेली, सोबत दोन जोड शिडं आणि रस्त्यावर ओढायचा ट्रेलर. मालक 1 लाख 60 हजार मागतोय. बोट रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर उतरवायचा विचार आहे. भाव रास्त आहे का, आणि घासाघीस कुठवर करावी?

फोटोंवरून एवढं सांगतो की बोट जाऊन बघण्यासारखी आहे आणि मागितलेला आकडा चढा वाटतो. किती चढा, ते शिडं हातात घेतल्यावर आणि ट्रेलरची चाकं फिरवून बघितल्यावरच कळेल. नवा रंग मात्र हिशेबातून आत्ताच काढून टाका. फायबरच्या बोटीला वरून मारलेल्या रंगाने एक रुपयाही भाव वाढत नाही. उलट त्याखाली काय झाकलंय हे शोधायचं काम वाढतं आणि बोटीचं वजनही थोडं वाढतं.

आपल्याकडची खरी अडचण ही की नागपुरात या मालाचा चालू भावच नाही. जुनी गाडी घ्यायची तर दहा जण दहा भाव सांगतात आणि त्यातून सरासरी निघते. जुनी शिडाची बोट विदर्भात क्वचितच विकायला येते. मग लोक इंटरनेटवर अमेरिकेतले भाव बघतात आणि त्याला डॉलरच्या दराने गुणतात. ते गणित पहिल्याच पायरीवर चुकतं. तिकडे कॅटलिना 22 सारखी केबिनवाली बोट 1969 पासून पंधरा हजारांवर बांधली गेली. गावोगाव अशा बोटी अंगणात पडून आहेत, म्हणून तिथे ती मातीमोल भावात मिळते. आपल्याकडे पुरवठा मोजकाच. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून विहार आणि खेळाच्या नौकांवर जीएसटी 40 टक्के झाला, त्यामुळे नव्या बोटीची किंमत वर गेली आणि तिच्यामागोमाग जुन्या बोटीवाल्याची अपेक्षाही. एक लक्षात ठेवा, खासगी मालक आपली जुनी बोट विकतो तेव्हा तो काही जीएसटी भरत नाही. ‘टॅक्स वाढलाय ना साहेब’ असं तो म्हणाला तर हसून सोडून द्या.

तेव्हा भाव शोधत बसू नका, तो बांधा. मी तो असा बांधतो: हीच बोट, याच वयाची, पण उद्या सकाळी पाण्यात घालून निघता येईल अशा अवस्थेत असती तर किती पडली असती? हा झाला वरचा आकडा. त्यातून या बोटीला त्या अवस्थेला न्यायला लागणारा खर्च वजा करायचा. उरेल तो रास्त भाव.

वरच्या आकड्यासाठी फोन करावे लागतील, त्याला इलाज नाही. एक फोन देशातल्या एखाद्या बोट बांधणाऱ्याला: नव्या फायबर एंटरप्राइजचं शिडांसह कोटेशन मागा. दुसरा शिडं शिवणाऱ्याला. आणि मग हैदराबाद, भोपाळ, मुंबई, पुणे इथे जिथे शिडाच्या बोटी नियमित चालतात तिथल्या क्लबात. तिथल्या सेक्रेटरीपेक्षा बोटींची देखभाल करणारा माणूस जास्त कामाचा. तो सांगेल की मागच्या दोन-तीन वर्षांत कोणती बोट कितीला गेली. ‘मागितले किती’ हे विचारू नका, ‘गेली कितीला’ हे विचारा. दोन्हींत फरक मोठा असतो, आणि जाहिरातीत फक्त पहिला आकडा दिसतो.

आता बोट कुठल्या पाण्यात चालणार हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण भावाशी त्याचा थेट संबंध आहे. नागपूरकडे हिवाळ्यात वारा मंद. सकाळी तर तलाव आरशासारखा, दुपारी कुठे थोडी झुळूक सुटते. चांगला सलग वारा पावसाळ्याच्या तोंडाला आणि पावसाळ्यात, पण त्याच दिवसांत वावटळी आणि विजाही. अशा ठिकाणी हलकी बोट चालते, जड बोट नुसती तरंगते. एंटरप्राइज मूळची 94 किलोची, 4.04 मीटर लांब. जॅक होल्ट यांनी 1956 साली आखलेली, दोन माणसांची. मंद वाऱ्यात ती छान सरकते, म्हणून तुमची निवड बरोबर आहे. कोणी केबिनवाली जड बोट ‘त्याच पैशात’ देऊ केली तर समुद्रावर ती सोन्यासारखी असेल, पण खिंडसीवर तिचा उपयोग बसून डबा खाण्यापुरता. शिवाय उन्हाळ्यात आपल्या तलावांचं पाणी मागे सरतं, काठावर गाळ उघडा पडतो, आणि बोट त्या गाळातून हातांनी ढकलत न्यावी लागते. त्या वेळी प्रत्येक जादा किलो कंबरेत जाणवतो. म्हणून आपल्यासाठी हलकेपणाला पैसे द्यावेत. लाकडी सजावट, गाद्या, म्युझिक सिस्टम यांना देऊ नयेत.

ओघात आणखी एक. एकट्यानेच चालवायची असेल तर लेझर या एका माणसाच्या बोटीचाही विचार करा, आता तिला आयएलसीए म्हणतात. हल (बोटीचं रिकामं धड) 59 किलोच्या आसपास, गाडीच्या टपावरही नेता येतो, म्हणजे ट्रेलरचा सगळा व्याप वाचतो. जुन्या लेझरचा भाव ठरताना मालक ‘शर्यतीला चालणारी’ म्हणून पैसे मागतो. तुम्ही शर्यतीत उतरणार नसाल तर ते पैसे देऊ नका. वर्गमान्य (शर्यतीच्या नियमांत बसणारं) नसलेलं साधं शीडही तलावावर उत्तम काम देतं आणि स्वस्त पडतं. तिच्यात बघायची एकच मुख्य जागा: मास्ट (डोलकाठी) जिथे उभा राहतो ते भोक. त्यात पाणी भरून ठेवा. अर्ध्या तासात पातळी उतरली तर आत गळती आहे, आणि तिथला जोड वाऱ्यात फाटला तर डेकच उचकटतो. अशी बोट निम्म्या भावातही महाग.

तुमच्या एंटरप्राइजकडे वळतो. पहिल्यांदा शिडं, कारण या आकाराच्या बोटीत पैसे तिथेच असतात. लोक दोन तास हल ठोकून बघतात आणि शिडांची पिशवी उघडतही नाहीत. मालक ‘दोन जोड’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक जोड वापरलेली आणि दुसरी संपलेली असते. संपलेल्या जोडीची किंमत शून्य धरा.

शीड असं बघा. पिशवीतून काढून सावलीत चादर अंथरून त्यावर पसरा. चांगलं डेक्रॉन (शिडाचं पॉलिएस्टर कापड) हातात चुरगाळलं की करकरतं आणि सोडलं की पुन्हा ताठ होऊ पाहतं. मेलेलं कापड जुन्या धोतरासारखं मऊ पडतं, आवाजच करत नाही. मग मागच्या मोकळ्या कडेची शिवण घ्या. उन्हाने कापडाच्या आधी दोरा मरतो. अंगठ्याच्या नखाने एक टाका हलकेच उचलून बघा. दोरा तुटून पीठ झाला तर त्या शिडाची सगळी शिवण पुन्हा मारावी लागेल. ते काम शिडं शिवणाराच करतो, शिंप्याकडे द्यायचं नाही. शीड ताठ ठेवणाऱ्या फळ्यांचे खिसे, टोकांचे कोपरे, घड्या पडतात त्या रेषा उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं दिसली तर कापड विरलंय. शेवटी मास्ट उभा करून शीड वर चढवा. थोड्या वाऱ्यात त्याचा फुगीर भाग कुठे येतो ते खाली आडवं पडून बघा. पुढच्या तिसऱ्या भागात किंवा फार तर मध्याच्या अलीकडे आला तर ठीक. फुगवटा मागे सरकला असेल तर बोट वाऱ्याच्या दिशेने वर चढणार नाही, नुसती आडवी होत राहील. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दोष कापडाचा असतो.

एंटरप्राइजची शिडं निळी असतात. निळा रंग कुठे-कुठे पांढुरका झालाय यावरून ती उन्हात किती राहिली याचा अंदाज लागतो. बूमवर (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्यावर) गुंडाळून ठेवलेल्या शिडाची वरची घडी फिकट आणि आतली गडद निघते. तसं दिसलं तर मालक शीड काढून घरात ठेवत नव्हता हे कळतं, आणि मग बाकीच्या देखभालीबद्दलही शंका घ्यायला जागा आहे.

मास्टकडे पुढच्या टोकाला डोळा लावून सुताराप्रमाणे नीट बघा, शीड बसतं ती खाच सरळ रेषेत जाते का. थोडा एकसारखा बाक चालतो, एका जागी आलेला कोन चालत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा एकदा मुरडलेला मास्ट सरळ करून दिला तरी तो त्याच जागी पुन्हा मुरडतो. रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसली की बोट कधीतरी खाऱ्या पाण्यात होती, किंवा स्टीलची पट्टी अ‍ॅल्युमिनियमवर तशीच ठोकली आहे. हैदराबादची बोट गोड्या पाण्यातली असेल हे गृहीत धरू नका. ती तिथे येण्यापूर्वी मुंबई-गोव्याला होती का ते स्पष्ट विचारा. मास्ट बदलावा लागला तर त्याच्या किमतीपेक्षा तो आणण्याचा खर्च डोकेदुखी होतो. एवढी लांब नळी ट्रान्सपोर्टवाले एक तर नाकारतात, नाही तर पूर्ण गाडीचं भाडं सांगतात.

मास्टला धरणाऱ्या तारांवरून जुन्या सुती फडक्याने हात फिरवा. फडकं अडकलं तर तारेचा एखादा पीळ तुटलाय. टोकाशी जिथे तार दाबून बसवलेली असते तिथे भिंग लावून बघा. गंजाचा डाग किंवा बारीक चीर दिसली की ती तार गेली. पंधरा वर्षांच्या बोटीच्या तारा मूळच्याच असतील तर बघण्यात वेळ घालवू नका, पूर्ण संच बदलण्याचा खर्च सरळ वजा करा. मालक म्हणेल ‘एकदम मजबूत आहेत’. मजबूत असतीलही, पण तार तुटली की मास्ट खाली येतो आणि तो कोणाच्या डोक्यावर येतो हे सांगता येत नाही. दोऱ्यांचं सोपं आहे, त्या स्वस्त आहेत आणि तुम्हीच बदलाल.

आता हल. बोटांच्या सांध्यांनी किंवा स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने वीतभर अंतरावर ठोकत जा. टणक ‘टक् टक्’ सगळीकडे एकसारखी यायला हवी. कुठे ‘भद्द’ आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतला फोम पाणी प्यायलाय. पुढच्या डेकवर आणि तळाच्या पाटावर अंगठा जोराने दाबा, बसल्याजागी दबू नये. कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक भेगा जेलकोटच्या (फायबरवरच्या चकचकीत थराच्या) असतात आणि त्या दिसायला वाईट असल्या तरी बहुतेक वेळा वरवरच्या असतात. घाबरायचं ते एकाच दिशेने धावणाऱ्या लांब भेगांना, त्यातही तारा जिथे हलला बांधल्या आहेत, मास्टचा पाया, आणि मागे सुकाणू अडकवायच्या कड्यांपाशी. रंगाखाली त्या दिसत नाहीत. टॉर्च जवळजवळ हलला टेकवून तिरपा धरा, उंचवटे आणि खळगे सावल्यांत उठून दिसतात.

एंटरप्राइजमध्ये गळतीची ठरलेली जागा म्हणजे सेंटरबोर्डची पेटी, म्हणजे तळातून खाली जाणारं पातं ज्या उभ्या खोबणीत बसतं ती. हिची परीक्षा पाण्यात जायच्या आधी घेता येते. बोट ट्रेलरवर सरळ करा, खालून पूर्ण पुसून कोरडी करा, आत दोन-तीन बादल्या पाणी ओता. एवढंच, जास्त नको, कारण पाण्याचं वजन ट्रेलरच्या टेकूंवर येतं. मग खाली जाऊन वर्तमानपत्राचा कागद पेटीच्या दोन्ही बाजूंनी आणि पुढच्या-मागच्या टोकाशी दाबून धरत जा. कागद ओला होणारी जागा म्हणजे गळती. पुढच्या टोकाशी एखादा थेंब येत असेल तर दुरुस्ती साधी आहे. पेटीच्या पूर्ण लांबीने पाझर असेल तर तळ आणि पेटी यांचा जोड हललाय. तो आतून उघडून नव्याने ग्लास आणि रेझिन लावून बांधावा लागतो. नागपुरात हे काम फायबरचे दरवाजे, पाण्याच्या टाक्या, शेड करणारे कारागीर करू शकतात. हिंगण्याच्या एमआयडीसीच्या बाजूला असे लोक सापडतात. फक्त त्यांना ‘मजबूत करा’ म्हणून सोडून देऊ नका. ते चार थर जास्त मारतात आणि बोट पाच-सहा किलोंनी जड करून देतात. एका कारागिराने माझ्यासमोर हल बघून मान हलवली होती, ‘काहून एवढं पातळ ठेवलं बाप्पा यानं?’ पातळ ठेवण्यातच त्या बोटीचं शहाणपण आहे हे त्याला पटवायला चहा लागला.

हवेच्या बंद टाक्यांची झाकणं उघडून आत हात घाला. आत ओल, बुरशीचा वास किंवा साचलेलं पाणी असेल तर बोट उलटल्यावर ती तुम्हाला धरून ठेवणार नाही. झाकण बंद करून जोडावर साबणाचं पाणी फासायचं आणि ड्रेनच्या भोकातून तोंडाने हलकी हवा सोडायची, बुडबुडे कुठे येतात ते दिसतं. कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगून जोड सुटेल.

वजन करायलाच हवं, कारण पाणी प्यायलेल्या फोमचं दुसरं प्रमाण नाही. धर्मकाट्यावर नेऊ नका, ट्रकच्या काट्याला पाच-दहा किलोंचा फरक दिसत नाही आणि इथे तेवढ्याचाच प्रश्न आहे. भंगारवाल्याकडे किंवा धान्याच्या दुकानात असतो तसा प्लॅटफॉर्म काटा मागवा. पुढचं टोक काट्यावर आणि मागचं टोक तेवढ्याच उंचीच्या लाकडी ठोकळ्यावर, मग उलट. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे हलचं वजन. मास्ट, बूम, शिडं, सुकाणू, पातं सगळं आधी उतरवून ठेवा. 94 च्या जागी 100 आलं तर जुन्या बोटीत चालून जातं. 115 आलं तर आत पाणी आहे किंवा दुरुस्तीचे थर आहेत. दोन्ही बाबतींत वरचा आकडाच खाली आणावा लागेल, नुसती वजाबाकी पुरत नाही.

बोट लाकडी असती तर मी एवढं लिहिलंही नसतं. आपल्या मे महिन्यात, नवतप्यात, बाहेर ठेवलेली प्लायवूडची बोट सांध्यासांध्यातून उघडते. टोच्या घेऊन पेटीच्या कडेने आणि तळाच्या कोपऱ्यात टोचून बघायचं, मऊ लागलं की उठून यायचं.

ट्रेलरला लोक ‘सोबत फुकट’ समजतात. माझ्या मते ट्रेलर हा या सौद्यातला अर्धा धोका आहे. पहिलं, कागद. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहन धरलं आहे, त्यामुळे त्याची आरटीओत स्वतंत्र नोंदणी लागते. तेलंगणात नोंदलेला ट्रेलर महाराष्ट्रात आणायचा तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथे पुन्हा नोंदणी. जुन्या बोटींसोबत येणारे बरेच ट्रेलर स्थानिक फॅब्रिकेटरने अँगल आणि जुना एक्सल जोडून केलेले असतात, नोंदणी नसते. असा ट्रेलर तलावाच्या काठी ढकलायला चांगला, पण त्याची किंमत लोखंडाच्या भावाच्या जवळपास धरा. आरसी असेल तर त्यावरचा चॅसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळवून बघा.

मग चाकं. टायरच्या कडेला शेवटचे चार अंक असतात: 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांपलीकडचा टायर बदलायचाच. बोटीचा ट्रेलर वर्षातून थोडाच चालतो, टायर झिजायच्या आधी उन्हाने तडकतो. जॅक लावून चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग गेलं असेल तर गुरगुर कानाला येण्याआधी हाताला जाणवते. चाक वर-खाली धरून हलवा, खडखड नको. बोट उतरवताना गरम हब थंड पाण्यात जातो, आत पाणी ओढतो आणि ग्रीस दुधासारखं होतं. हबची टोपी काढायला मालकाने हरकत घेतली तर तेच उत्तर समजा.

आणखी एक बारीक गोष्ट: बोट ट्रेलरवर कशी बसली आहे ते बघा. टेकू हलच्या मजबूत भागाखाली हवेत. वर्षानुवर्षं चुकीच्या जागी टेकल्याने हलला खळगा पडलेला असतो. तो बोट उचलल्याशिवाय दिसत नाही. चार माणसं बोलवा आणि उचलायला लावा, वजनही तेव्हाच होऊन जाईल.

कागदपत्रांत बोटीची विक्री पावती, आधीच्या मालकाचं पत्र, असेल तर वर्गाचं (बोट एंटरप्राइजच्या मापात बसते असं सांगणारं) मोजमाप प्रमाणपत्र. शिडावरचा नंबर आणि हलवरचा नंबर एकच आहे का बघा. आपल्याकडे बऱ्याच एंटरप्राइज सरकारी किंवा संस्थांच्या वापरातून लिलावात निघालेल्या असतात. त्यात गैर काही नाही, पण लिलावाचा कागद मागा. हलवर खरवडलेला नंबर किंवा रंगाखाली बुजवलेली अक्षरं दिसली आणि कागद नसेल तर भाव कितीही आकर्षक असो, सोडून द्या. सोबत आउटबोर्ड मोटर दिली तर तिची वेगळी किंमत करा. मोटर लावल्यावर बोट यांत्रिक नौकेत मोडते आणि 2021 च्या अंतर्देशीय नौका कायद्याचे नोंदणीचे नियम लागू होण्याचा प्रश्न येतो. नुसत्या शिडाच्या बोटीला ती कटकट कमी. तलावावर उतरण्याची परवानगी मात्र दोन्हीला लागते, ती तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून. ही परवानगी बोट घेण्याआधी विचारा. बोट अंगणात आणि परवानगी फायलीत, असं व्हायला नको.

आता गणित. खालचे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही फोन करून भरा. समजा फोनाफोनीनंतर याच वयाची, लगेच निघता येईल अशी एंटरप्राइज ट्रेलरसह 1 लाख 75 हजारांना जाते असं दिसलं. बघताना मेनसेल (मोठं मुख्य शीड) संपलेलं निघालं, नवीन 45 हजारांचं. हे पूर्ण 45 वजा करायचे नाहीत. पंधरा वर्षांच्या ‘तयार’ बोटीवर कोरं शीड कुणी धरत नाही, अर्धं आयुष्य गेलेलं शीड धरतात. म्हणून अर्धे, साडेबावीस हजार. तारांचा संच 12 हजार, तो पूर्ण वजा, कारण त्याशिवाय निघताच येत नाही. दोऱ्या 6 हजार. सेंटरबोर्डच्या पेटीची दुरुस्ती 9 हजार. ट्रेलरचे टायर, बेअरिंग, दिवे मिळून 13 हजार. एकूण वजावट साडेबासष्ट हजार, उरले 1 लाख 12 हजार 500. न दिसलेल्या भानगडींसाठी मी सात-आठ टक्के आणखी ठेवतो, म्हणजे 1 लाख 4 हजारांच्या आसपास. असं निघालं तर 1 लाख 60 हजार ही मागणी चढी आहे. उलट शिडं करकरीत आणि तारा नव्या निघाल्या तर 1 लाख 40 ला हो म्हणायलाही मी कचरणार नाही.

हैदराबादहून आणण्याचा खर्च या वजाबाकीत घालू नका. लोक तिथेच गफलत करतात. तो खर्च तुमचा आहे, हैदराबादच्या गिऱ्हाइकाला तो पडत नाही, मग मालकाने का सोसावा? तो तुमच्या स्वतःच्या मर्यादेत धरा: बोटीला किती आणि घरी पोहोचेपर्यंत एकूण किती, हे दोन वेगळे आकडे घेऊन जा. दुसरा ओलांडला तर बोट रास्त भावात मिळूनही तुमच्यासाठी महाग. पाचशे किलोमीटर अनोळखी बेअरिंगवर ओढत आणू नका. नागपूरकडे रिकामी येणारी परतीच्या भाड्याची गाडी ट्रान्सपोर्टवाल्याकडून ठरवा, ट्रेलरसकट चढवा, हलखाली गवताच्या पेंढ्या किंवा जुने टायर आणि बाजूने दोऱ्या. मास्ट वेगळा, चिंध्या गुंडाळून.

घासाघीस करताना एकेक दोष दाखवत मालकाच्या जिव्हारी लागू नका. बोट विकणाऱ्याचा तिच्यावर जीव असतो. सगळं बघून झाल्यावर कागदावर दुरुस्तीची यादी आणि रक्कम लिहून त्याच्यासमोर ठेवा, तो वाचेल. जमलं तर थोडा इसार द्या, पावती घ्या, आणि पावतीवर कोणकोणत्या वस्तू सोबत येणार ते लिहून घ्या: सुकाणू, पातं, दोन्ही जोड शिडांचे नंबर, फळ्या, झाकणं, ट्रेलरची आरसी. या किरकोळ वस्तूच ऐन वेळी ‘अरे, ते राहिलं का?’ होतात, आणि नागपुरात त्या मिळत नाहीत.

बाकीचे पैसे द्यायच्या आधी मालकाला बोट पूर्ण उभी करायला सांगा: मास्ट, तारा, दोऱ्या, शिडं, सगळं त्याच्या हाताने. तुम्ही मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ घ्या आणि उतरवताना प्रत्येक दोरीला, पिनेला चिकटपट्टी लावून नाव लिहा. एनसीसीत शिकलेलं बरंचसं आठवेल तुम्हाला, पण कोणती पिन कुठल्या भोकात जाते हे रामटेकच्या काठावर विचारायला कोणी भेटत नाही.